कान, ताशा आणि ती शिट्टी : पथकातली मुलंमुली नेहमी विचारतात ते प्रश्न

मी पुण्यात एका ढोल-ताशा पथकात नऊ सीझन ताशा वाजवला. आता वाजवत नाही, पण सरावाला जाते, आणि दरवर्षी पावसाळा लागला की नवीन पोरंपोरी येऊन तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून काढलंय. मी डॉक्टर नाही. माझ्या उजव्या कानात आठ वर्षं झाली एक बारीक शिट्टी वाजतेय, चोवीस तास, आणि ती लागल्यापासून या विषयावर जे वाचता आलं, डॉक्टरांना जे विचारता आलं ते सगळं विचारलं, त्यातलं जे मला पक्कं माहितीये तेवढंच इथे आहे.

ताई, सराव करून घरी आलो की कानाला दडे बसतात आणि रात्री कुईं असा आवाज येत राहतो. हे नॉर्मल आहे ना?

कॉमन आहे, नॉर्मल नाही. पथकात दहातल्या आठ जणांना होतं म्हणून ते ठीक आहे असं नसतं. दडे बसणं आणि शिट्टी वाजणं म्हणजे आज तुझ्या आतल्या कानाला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त सोसावं लागलं. मला पहिल्याच सीझनला हे झालं होतं, तेव्हा एका सिनियरने सांगितलं की "कान उघडतायत तुझे, आता खरी ताशेवाली झालीस", आणि मला ते ऐकून भारी वाटलं होतं. त्याचा काही वाईट हेतू नव्हता, त्यालाही कुणीतरी तेच सांगितलं होतं.

पण आत नक्की काय बिघडतं? पडदा फाटतो का?

नाही, आणि हाच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पडदा बहुतेक वेळा ठणठणीत असतो, डॉक्टर दुर्बिणीतून कान बघतात आणि म्हणतात सगळं छान आहे, कारण बिघाड पडद्याच्या खूप आत असतो जिथे दुर्बीण पोचतच नाही.

आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतो, पडदा थरथरतो, त्याला लागून हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं असतात (शाळेत पाठ केलेली असतील), ती ही थरथर आत ढकलतात. आत असते कॉक्लिया, गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेटोळ्यांची. उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर भरेल. त्यात पाणी असतं, आणि त्या पाण्यात लाट उठली की एक पातळ पट्टी हलते. पट्टीच्या सुरुवातीला, म्हणजे हाडांजवळ, बारीक तीक्ष्ण सूर वाजतात आणि आत टोकाला खर्ज. या पट्टीवरून लाट कशी जाते हे शोधणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

त्या पट्टीवर बसलेल्या असतात केसपेशी. एका कानात साधारण पंधरा हजार, बस. डोळ्यातल्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशी कोटींमधे असतात आणि कानाचा सगळा कारभार या पंधरा हजारांवर. त्यातल्या साडेतीन हजारच्या आसपास आतल्या रांगेत असतात, त्या मेंदूला निरोप पाठवतात. बाकीच्या बारा हजार बाहेरच्या रांगांमधे, त्यांचं काम ॲम्प्लिफायरचं: आवाज आला की त्या स्वतः आखूड-लांब होत नाचतात आणि हळू आवाज मोठा करून देतात. प्रत्येकीच्या डोक्यावर केसांचा जुडगा असतो, केस एकमेकांना अगदी सूक्ष्म धाग्यांनी बांधलेले, जुडगा कलला की धागे ताणले जातात, बारीक दारं उघडतात आणि पेशीत करंट तयार होतो.

आता शेतात वारा आला की ज्वारी कशी वाकते आणि परत उभी राहते, तसं रोजच्या आवाजात होतं. दोन तास शंभर डेसिबल म्हणजे वादळ. धागे तुटतात, केस आडवे पडतात, आणि पेशी इतकं काम करते की तिच्यात विषारी कचरा साठतो, तेव्हाच तिथला रक्तपुरवठाही कमी होतो. बाहेरच्या रांगा आधी जातात. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे आवाज बंद झाला तरी पेशी मरायच्या लगेच थांबत नाहीत, पुढचे काही दिवस मरत राहतात.

पण मला सकाळपर्यंत एकदम ओके वाटतं. म्हणजे भरून निघालं ना?

थोडंफार भरून निघतं हे खरंय. तुटलेले ते धागे एकदोन दिवसात परत जुळू शकतात, वाकलेले केस सरळ होऊ शकतात, म्हणून दडे सुटतात. पण मेलेली पेशी परत येत नाही.

आणि अजून एक आहे, जे मला फार उशिरा कळलं. २००९ मधे अमेरिकेत कुजावा आणि लिबरमन या दोघांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांनी उंदरांची ऐकायची टेस्ट पूर्ववत झाली, केसपेशीही जागेवर होत्या. पण केसपेशी आणि नस यांच्यामधले जे जोड असतात ते बारीक सुरांच्या भागात निम्म्याच्या आसपास कायमचे गेले होते. म्हणजे टेस्ट चांगली, वायरिंग गेलेलं. उंदरावरून माणसाचा आकडा सरळ काढता येत नाही, पण "सकाळी बरं वाटतंय" या वाक्यावर माझा तेव्हापासून विश्वास उरलेला नाही. शांत खोलीत सगळं ऐकू येतं आणि हॉटेलात चार जण बोलायला लागले की समोरच्याचं काही कळत नाही, असं असेल तर त्यामागे हे असू शकतं.

किती आवाज म्हणजे जास्त? डेसिबल कसे समजायचे?

डेसिबल सरळ वाढत नाहीत. ३ डेसिबल वाढले की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट, १० वाढले की दहापट. म्हणजे ९० आणि १०० मधे "थोडासा" फरक नाही, दहापट आहे.

अमेरिकेतली नायॉश म्हणून कामगारांच्या आरोग्याची संस्था आहे, तिचा हिशोब मी सगळ्यांना तोंडपाठ करायला लावते: दिवसाला ८५ डेसिबल ८ तास चालेल, ८८ असेल तर ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त १५ मिनिटं, आणि १०६ ला चार मिनिटंसुद्धा नाही.

आता आपलं बघा. विसर्जनाला सीओईपी या पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी लक्ष्मी रोडच्या चौकांमधे दरवर्षी आवाज मोजतात आणि त्यांचा आकडा बऱ्याच वर्षी नव्वदीच्या वर, कधी शंभरीच्याही वर आलाय, हा रस्त्यावरचा, तुमच्या पोटावर बांधलेल्या ताशाचा नाही. सरळ शंभर धरा. दोन तासांचा सराव म्हणजे आठ दिवसांचा कोटा एका संध्याकाळी संपला. मिरवणुकीत आठ तास म्हणजे बत्तीस दिवसांचा. आणि सराव दोन-दोन महिने चालतो.

ढोल जास्त वाईट का ताशा?

ताशा. ढोलाचा घुमारा छातीत बसतो म्हणून तो भयंकर वाटतो, पण त्यात खर्ज जास्त असतो आणि तेवढ्याच डेसिबलला खर्ज कानाला कमी त्रास देतो. ताशाची कडकड तीक्ष्ण असते, प्रत्येक काडी म्हणजे एक फटका, आणि तो कानापासून हातभर अंतरावर. त्यात माणसाच्या कानाची नळी अशी बनलीये की ३००० हर्ट्झच्या आसपासचे सूर ती आपोआपच फुगवून आत सोडते, ताशाचा बराचसा कडकडाट नेमका त्या पट्ट्यात. झांजवाल्यांनीही हे वाचावं. आणि टोलवाला (धातूचा टोल वाजवणारा) तर बिचारा सगळ्यांच्या मधे उभा असतो, त्याला कुणी विचारतच नाही.

पुलाखाली सराव करणाऱ्यांनी अजून काळजी घ्या, वर स्लॅब आणि बाजूला भिंती असल्या की आवाज पळून जायला जागा नसते, नदीपात्रात मोकळ्यावर त्यापेक्षा बरं.

जुने वादक म्हणतात सवय झाली की कान तयार होतो?

कान तयार होत नाही, ऐकू कमी यायला लागतं म्हणून आवाज सोसवतो. कानात एक छोटा स्नायू असतो जो मोठ्या आवाजाला रिकीब ताणून धरतो आणि थोडं संरक्षण देतो, पण त्याला काम सुरू करायला सेकंदाचा काही भाग लागतो आणि ताशाची काडी तोपर्यंत पडून गेलेली असते. तो बारीक सुरांना फारसा अडवतही नाही, आणि थकतो.

सन १७०० मधे रामाझ्झिनी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलंय की दिवसभर तांबं ठोकून त्यांचे कान जातात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात. हे वाचलं तेव्हा मला आपली कसबा पेठेतली तांबट आळी आठवली. तीनशे वर्षांपूर्वीच्या तांबटांना सवय झाली नाही, आपल्याला कशी होईल?

कापसाचे बोळे चालतील का?

नाही. पाच-सात डेसिबल कमी झाले तर नशीब. उलट कान झाकलाय असं वाटून माणूस जास्त वेळ उभा राहतो.

मग काय घालायचं? आणि प्लग घातले तर ताल कसा कळणार?

फोमचे इअरप्लग. मेडिकलमधे, हार्डवेअरच्या दुकानात जिथे सेफ्टीचं सामान मिळतं तिथे, ऑनलाइन, कुठेही मिळतात आणि एक जोडी चहा-वडापावच्या पैशात येते. पाकिटावर ३० डेसिबल वगैरे लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात निम्मं धरा. पण निम्मं म्हणजे १५ जरी मिळालं तरी १०० चे ८५ होतात, आणि १५ मिनिटांचे ८ तास होतात, वरचा हिशोब परत बघा.

घालायची पद्धत चुकते म्हणून लोक म्हणतात काही फरक पडत नाही. हात धुवा. प्लग बोटांमधे वळून उदबत्तीसारखा बारीक करा. मग दुसरा हात डोक्यावरून फिरवून कान वर आणि मागे ओढा, त्याने नळी सरळ होते, आणि प्लग आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा म्हणजे तो आत फुगतो. नीट बसला की स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो. चेक करायचं असेल तर वाजवणं चालू असताना दोन्ही हातांनी कान झाका. प्लग नीट असेल तर झाकल्यावर फार फरक पडणार नाही. एकदम आवाज कमी झाला तर प्लग बसलेला नाही, परत घाला.

तालाचं म्हणाल तर पहिले दोन-तीन दिवस विचित्र वाटतं हे मी नाकारणार नाही. फोम बारीक सूर जास्त खातो त्यामुळे ताशा बोथट ऐकू येतो आणि उठावण (वाजवायला सुरुवात करतानाचा तुकडा) नीट उमटली का ते कळत नाही. ज्यांना हे फार खटकतं त्यांच्यासाठी वादकांचे वेगळे प्लग येतात, त्यात फिल्टर असतो आणि सगळे सूर जवळजवळ सारखेच कमी होतात, महाग असतात पण वर्षानुवर्षं टिकतात. बाकी लय कानाइतकीच हातात, पायात आणि समोरच्या वादकाच्या हातात दिसते, आणि शंभर ढोल वाजत असताना प्लग घालून ताल ऐकू आला नाही असं तिसऱ्या दिवसानंतर मला कुणी सांगितलेलं नाही.

मधेच थोडा वेळ प्लग काढले तर चालतं ना?

ब्रेकमधे, लांब जाऊन, हो. वाजत असताना नको. कितीही भारी प्लग असू दे, निम्मा वेळ काढून ठेवला तर एकूण फायदा उरतो फक्त ३ डेसिबल. मला हे गणित पहिल्यांदा पटेना, म्हणून कागदावर मांडून बघितलं. पण सोपं आहे: निम्मा वेळ पूर्ण आवाज आत जातोय म्हणजे निम्मी ऊर्जा गेलीच, आणि निम्मी म्हणजे ३ डेसिबल.

मोबाइलच्या ॲपवर आवाज मोजला तर खरा असतो का?

अंदाजाला ठीक. फोनचा माइक बोलण्यासाठी असतो, ताशाजवळ तो भरून जातो आणि खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतो. त्यापेक्षा सोपी खूण, हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज जास्त आहे.

टेस्ट कुठली करायची आणि त्यात काय दिसतं?

ऑडिओमेट्री. साउंडप्रूफ खोलीत हेडफोन लावून बसवतात, हळू हळू बीप वाजतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं, अर्धा तास लागतो, दुखत वगैरे काही नाही. आदल्या दिवशी सराव नको, कान आराम केलेला हवा. सीझन सुरू व्हायच्या आधी एक करून ठेवा आणि रिपोर्ट जपून ठेवा, पुढच्या वर्षी तुलना करायला तोच लागतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासून याच कामाची, बाकी सरकारी मेडिकल कॉलेजांच्या कान-नाक-घसा विभागातही होते.

आवाजाने गेलेल्या कानाचा आलेख ओळखू येतो: रेघ सरळ चालत येते आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडते, मग ८००० ला परत वर येते. माझा खड्डा बघून ऑडिओलॉजिस्ट बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "फॅक्टरीत आहात का?"

त्या पट्ट्यात आपल्या भाषेतले स, श, फ, ख असे अक्षरांचे कडक भाग असतात. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही, "साठ" म्हणाले का "आठ", "सात" का "हात". लोक म्हणतात लक्ष नसतं तुझं. मी गावाला गेले की रातकिडे बाहेर ओरडतायत का माझ्या कानात, ते मला आता सांगता येत नाही.

औषध किंवा ऑपरेशन नाही का? इतकं सायन्स पुढे गेलंय.

मेलेल्या केसपेशी परत उगवणारं औषध आजपर्यंत बाजारात आलेलं नाही. पक्ष्यांना ही सोय निसर्गानेच दिलीये, कोंबडीच्या केसपेशी मेल्या तरी नवीन येतात हे १९८० च्या दशकात सापडलं, तेव्हापासून माणसात हे कसं जमेल याचं संशोधन चालूय. श्रवणयंत्राने मदत होते, नक्की घ्या, लाज कसली त्यात, पण ते आवाज मोठा करतं, तुटलेली तार जोडत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कॉक्लियात बसवायचं यंत्र, जवळजवळ ठार बहिरेपण असेल तर. तेल, लसणाची फोडणी, कान कोरणं, यातलं काहीही कॉक्लियापर्यंत पोचत नाही, कृपा करून कानात काही ओतू नका.

फटाक्याच्या एका मोठ्या बारमुळे किंवा स्पीकरमुळे अचानक एक कान बंद झाला तर?

हे वाट बघण्याचं प्रकरण नाही. १४० डेसिबलच्या आसपासचा एक धमाकासुद्धा आतले केस जागच्या जागी फाडू शकतो. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, किंवा चक्कर आली, कानातून रक्त आलं, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. अचानक गेलेल्या कानाला स्टेरॉइड देतात आणि ते जितकं लवकर तितका उपयोग, दोन आठवडे उलटले की फायदा फार कमी होतो. मळ असेल, सर्दी असेल, असं म्हणून आठवडा घालवलेली माणसं मी बघितलीयेत. डॉक्टरांना दुसरी औषधं चालू असतील तर तेही सांगा, जेंटामायसिन, अमिकासिन अशी काही इंजेक्शनं आणि कॅन्सरचं सिस्प्लॅटिन कानाला स्वतःच त्रास देतात, त्यात मोठा आवाज मिळाला की नुकसान वाढतं.

आम्ही पारंपरिक वाद्यं वाजवतो, डॉल्बीवाल्यांसारखं नाही. मग आम्हाला का सांगताय?

कारण कानाला परंपरा कळत नाही. मला ढोल-ताशा जीवापाड आवडतो, २०२४ मधे हरित लवादाने पथकात तीसच जण ठेवा म्हटलं आणि सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली तेव्हा मला आनंदच झाला होता. पण स्पीकरच्या भिंतीतून आलेले शंभर डेसिबल आणि चामड्यातून आलेले शंभर डेसिबल आत गेल्यावर सारखेच.

लहान बाळाला मिरवणुकीत न्यावं का? आणि गरोदर असताना?

बाळाला लांबून दाखवा, जवळ न्यायचंच असेल तर लहान मुलांचे इअरमफ मिळतात ते लावा. बाळ सांगू शकत नाही की शिट्टी वाजतेय. गरोदर असताना आईने प्लग घातले तर आईचे कान वाचतात, पोटातल्या बाळाचे नाही, आणि खर्ज पोटातून आत जातो. माझ्या मैत्रिणीने त्या वर्षी ढोल सोडून दिला, मला तिचा निर्णय बरोबर वाटला.

माझे बाबा मालेगावला मागावर आहेत, त्यांना आता कमी ऐकू येतं. त्यांचं काही होईल का?

यंत्रमागाच्या शेडमधे आवाज नव्वदीच्या वर असतो, आणि तो आठ-दहा तास, वर्षानुवर्षं, त्यामुळे त्यांचं वयामुळेच गेलं असं कुणी म्हणालं तर लगेच मान्य करू नकोस. आवाजाने येणारा बहिरेपणा कामगार कायद्यांत नोंद करायच्या आजारांच्या यादीत आहे आणि नुकसानभरपाईसाठीही व्यवसायजन्य आजार म्हणून धरलेला आहे. पहिलं काम ऑडिओमेट्री, दुसरं किती वर्षं कुठे काम केलं त्याचे कागद. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांचं नुकसान ६० ते ७० डेसिबल असेल तर ऐकू कमी येणारे म्हणून आणि ७० पासून पुढे बहिरे म्हणून नोंद होते. आणि ते अजून कामावर जात असतील तर आजच प्लग दे. उरलेलं वाचवणंही मोठं आहे.

हेडफोनचं काय?

जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला ८० डेसिबल ४० तास, त्याच्या आत राहा. लोकलमधे, बसमधे आजूबाजूच्या गोंगाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो, तिथे गडबड होते. सरावाच्या दिवशी घरी जाताना हेडफोन नकोच, कान आधीच मार खाऊन आलाय.

रात्री दहानंतर बंद, ५५ डेसिबल, हे नियम आपल्या कानासाठीच आहेत ना?

२००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आजूबाजूला राहणाऱ्यांसाठी आहेत, झोप, आजारी माणसं, हॉस्पिटल यासाठी. घरांच्या भागात दिवसा ५५, रात्री ४५. वाजवणाऱ्याचा कान किती वेळ किती सोसतो हे त्यात कुठेच नाही, ते आपलं आपणच बघायचं.

तुमची शिट्टी कधी बंद होईल?

होणार नाही बहुतेक. ज्या पट्ट्यातून निरोप यायचे बंद झाले तिथला व्हॉल्यूम मेंदू स्वतःच वाढवून ठेवतो आणि तीच शिट्टी, असं डॉक्टरांनी समजावलं. सुरुवातीला मी झोपू शकत नव्हते, आता रात्री पंखा लावून झोपते, हळू पावसाचा आवाज लावते, चहा-कॉफीचा माझ्या शिट्टीवर फरक पडला नाही पण जागरणाचा पडतो. नवीन नवीन असताना फार घाबरायला होतं, कुणाला होत असेल आणि त्याबद्दल बोलावंसं वाटत असेल तर सरावाला येऊन मला शोधा, खरंच.

पथकप्रमुखांना कसं सांगू? सगळे हसतील.

हसतात, पहिला आठवडा. आमच्याकडे पहिल्या वर्षी मी शंभर जोड्यांचा डबा घेऊन गेले तर सहा जणांनी घेतल्या. दुसऱ्या वर्षी प्रमुखांनी स्वतः वाद्यपूजनाच्या दिवशी सगळ्यांसमोर घातले आणि त्याच आठवड्यात डबा संपला. आता तो डबा दोर आणि टिपरू (ढोल वाजवायची काठी) ठेवतो त्याच पेटीत असतो, ढोल ताणायच्या आधी प्लग, असा क्रम ठरलाय. ताशेवाले दर ब्रेकला जागा बदलतात म्हणजे एकच जण सतत मधे राहत नाही. फोमचे प्लग तीन-चार दिवस वापरून मळले की टाकून द्यायचे, धुवून परत घालायचे नाहीत, आणि एकमेकांचे तर अजिबात नाहीत.